दुभत्या चाहत्यांचे संगोपन

फुटबॉल क्लब विकत घेतलात, अभिनंदन! आता पहिल्यांदा आपण नेमकं काय घेतलंय ते समजून घ्या. खेळाडू दोन-चार वर्षांत विकले जातील, प्रशिक्षकाला तुम्ही येत्या हिवाळ्यात हाकलणारच आहात, गवत तर दर हंगामाला नवं पेरावं लागतं. खरी इस्टेट म्हणजे तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसणारे ते गृहस्थ. त्या खुर्चीवर आधी त्यांचे वडील बसायचे. साबण महागला की माणूस दुसरा साबण घेतो, पण तिकीट महागलं म्हणून कुणी शेजारच्या क्लबचा मफलर गळ्यात घालत नाही. अशी गिऱ्हाइकं दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळतात, सांगा बरं? दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात. इथे तर गाय निमूट उभी असते आणि लाथा तुम्ही घालायच्या असतात.

मात्र तिला गिऱ्हाईक म्हणायचं नाही, 'कुटुंब' म्हणायचं. दरवाढीच्या पत्रावर सगळ्यात वर जुन्या स्टँडचा कृष्णधवल फोटो हवा, टोप्या घातलेल्या गर्दीचा. त्याखाली 'आपल्या कुटुंबातील सदस्य म्हणून आपणांस सर्वप्रथम कळवताना आनंद होतो'. मग दोन परिच्छेद वारशाबद्दल. तिसऱ्यात 'सीझन तिकिटांच्या श्रेणींची फेररचना'. 'वाढ' हा शब्द पत्रात कुठेही येता कामा नये. आकडा शेवटी, बारीक टाइपात, क्यूआर कोडच्या शेजारी.

मनातलं खरं बोलायचंच असेल तर आधी खोलीत कोण बसलंय ते पाहून घ्या. 1998 मध्ये न्यूकॅसल युनायटेड या इंग्लिश क्लबचे दोन संचालक वेषांतर केलेल्या पत्रकारासमोर मोकळे झाले. पाच पौंडांत तयार होणारी जर्सी आपले लोक पन्नासला घेतात, म्हणून हसले. छापून आलं आणि राजीनामे द्यावे लागले. पण धीर सोडू नका, वर्षाच्या आत दोघेही मंडळावर परतले होते.

जर्सीवरून आठवलं. वर्षाला तीन काढा. घरची, बाहेरची आणि तिसरी, जिचं कारण कुणी विचारायचं नसतं. रंग कसाही चालतो, फक्त खेळाडूंना एकमेकांना दिसू द्या. एप्रिल 1996 मध्ये मँचेस्टर युनायटेड साउदॅम्प्टनच्या मैदानावर राखाडी जर्सीत उतरलं आणि मध्यंतरापर्यंत तीन गोल खाऊन बसलं. गर्दीच्या पार्श्वभूमीवर आपलेच गडी दिसत नाहीत, असं कारण देऊन प्रशिक्षक फर्ग्युसन यांनी दुसऱ्या अर्धात सगळ्यांना निळ्या-पांढऱ्या जर्सीत पाठवलं. सामना 3-1 ने गेला. राखाडी जर्सी संघाने पुन्हा घातली नाही. ज्यांनी ती मुलांना हौसेनं घेऊन दिली होती, त्यांच्या घरी मात्र ती स्वच्छ दिसत राहिली असणार.

क्लबचा मूळ रंगच बदलायचा असेल तर ते जरा वरच्या इयत्तेचं काम. कार्डिफ सिटीला 'ब्लूबर्ड्स' म्हणतात. 2012 मध्ये मालकांनी या निळ्या पक्ष्यांना लाल केलं. तीन हंगाम धड झाले नाहीत तोच, जानेवारी 2015 मध्ये निळा परत आणावा लागला. घाई झाली, दुसरं काय! त्यापेक्षा ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गचा किस्सा अभ्यासण्यासारखा आहे. 2005 मध्ये एका एनर्जी ड्रिंकच्या कंपनीनं तिथला क्लब घेतला आणि त्याचा पिढीजात जांभळा रंग मोडीत काढला. चाहते वाटाघाटीला बसले, तेव्हा जांभळ्यापैकी त्यांच्या पदरात टाकायला काढलं काय, तर गोलकीपरचे मोजे! आवळा देऊन कोहळा काढणारे पुष्कळ पाहिले, पण इथे आवळाही पायात घालायचा होता. नाराज मंडळींनी उठून जांभळ्या रंगाचा आपला वेगळा क्लब काढला. हट्टी असतात काही लोक.

आता दुधाचा मुख्य प्रश्न, म्हणजे तिकीट. किती पिळायचं याचं शास्त्र लिव्हरपूलने 2016 मध्ये स्वखर्चाने सिद्ध करून दिलं. नव्या स्टँडमधलं सर्वात महाग तिकीट 77 पौंडांचं होणार असं जाहीर झालं. 6 फेब्रुवारीला संडरलँडविरुद्ध 77 व्या मिनिटाला हजारो माणसं उठली आणि चालू लागली. तेव्हा लिव्हरपूल 2-0 ने पुढे होतं, सामना सुटला 2-2 ने. मालकांनी काही दिवसांतच माफी मागून कमाल दर 59 पौंडांवरच गोठवला. लोक यातून भलतासलता बोध घेतात. खरी चूक आकड्याची होती. तिकीट 95 पौंड ठेवलं असतं तर उठायला 95 वं मिनिट उजाडावं लागलं असतं आणि तोवर सगळे घरीच निघालेले असतात.

सुपर लीग, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांनी आपापसात खेळायची वेगळी स्पर्धा, तिच्यावर वेळ घालवत नाही. एप्रिल 2021 मध्ये 12 बडे क्लब एकत्र आले आणि दोन दिवसांत त्यांतल्या सहाही इंग्लिश क्लबांनी काढता पाय घेतला. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं.

जर्मनीत मात्र चुकूनही क्लब घेऊ नका. तिथे 50+1 नावाचा नियम आहे, काही अपवाद सोडले तर बहुसंख्य मतं क्लबच्या सभासदांकडेच राहतात. लीगने प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला 8 टक्के हिस्सा गुंतवणूकदाराला द्यायचं ठरवलं, तर प्रेक्षकांनी आठवडेच्या आठवडे मैदानात टेनिस बॉल फेकून सामने थांबवले. फेब्रुवारी 2024 मध्ये बेत गुंडाळावा लागला. टेनिस बॉल काय भाव पडतो आणि व्यवहार केवढ्याचा होता, याचा हिशोब एखाद्या व्यवस्थापन महाविद्यालयानं शिकवायला हरकत नाही.

सगळ्यात शेवटचा उपाय म्हणजे क्लब उचलून दुसऱ्या गावात नेणं. लंडनमधल्या विम्बल्डन या फुटबॉल क्लबच्या मालकांनी तो केला. मे 2002 मध्ये तीन जणांच्या आयोगानं मिल्टन कीन्स या दूरच्या शहरात जायची परवानगी दिली आणि चाहत्यांनी मागे नवा क्लब उभारणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही, असाही शेरा मारला. महिन्याभरात त्याच चाहत्यांनी विम्बल्डनच्या माळावर निवड चाचणी ठेवली. कुणीही यावं, बूट आणावेत. 230 जण आले. जत्राच ती! तो क्लब तळातून चढत 2011 मध्ये व्यावसायिक लीगमध्ये पोचला.

गंमत अशी की त्या चाहत्यांच्या क्लबच्या जर्सीवरही प्रायोजक आहे आणि 2020 मध्ये बांधून झालेल्या स्टेडियमलाही एका रेकॉर्ड कंपनीचं नाव दिलेलं आहे. म्हणजे पैशाचा विटाळ त्यांनाही नाही. फक्त मोठं काही करायचं तर सभासदांना आधी विचारावं लागतं, सभा, चर्चा, मतदान, चहा. तुमच्यासारख्या कामाच्या माणसाला एवढी सवड कुठून असणार?

तुम्ही आपलं पत्र वेळेवर धाडा. तिसऱ्या रांगेतल्या त्या कडेच्या खुर्चीवरून उत्तर आलं नाही तर घाबरू नका. पर्यटकाला ती दुप्पट भावात जाते.