"मर्जीने गेली, पैसेही घेतले, मग तस्करी कसली?"

हा मेसेज सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. त्यात म्हटलंय की मानवी तस्करी म्हणजे व्हॅनमधून येणारी मुलं पळवणारी टोळी, जो मर्जीने कामाला गेला त्याची तस्करी होतच नाही, आणि उचल, म्हणजे कामाआधी आगाऊ पैसे घेतले असतील तर तक्रारीचा हक्क नाही. तिन्ही चूक, आणि पहिलं तर जीवघेणं आहे.

१ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारे आले अशी अफवा उठली आणि पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती, भिक्षा मागून पोट भरणारी. खरा दलाल बऱ्याचदा नात्यातला नाहीतर गावातलाच असतो, 'मुंबईत घरकाम आहे, चांगली माणसं आहेत' म्हणत ओसरीवर चहा पिऊन जातो.

आता मर्जीचं बघू. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३, म्हणजे आधीचं आयपीसी ३७०, सांगतं की शोषणासाठी धमकी देऊन, फसवून किंवा पैशाचं आमिष दाखवून माणसाला नेलं, ठेवून घेतलं तर ती तस्करी, त्यात पीडिताची संमती होती की नव्हती हा प्रश्नच येत नाही. शिक्षा किमान ७ वर्षं, अल्पवयीन असेल तर किमान १०. डेटा एंट्रीची नोकरी म्हणून बँकॉकला उतरलेली आणि म्यानमारच्या स्कॅम सेंटरमध्ये, म्हणजे जबरदस्तीने ऑनलाइन फसवणूक करायला लावणाऱ्या अड्ड्यांवर पोचलेली आपली पोरं, तीही स्वतःच्याच पायांनी विमानात चढली होती ना!

राहिली उचल. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम पैसे देतो, दिवाळीनंतर अख्खं घर वीटभट्टीवर, हातात फक्त आठवड्याची खर्ची, हिशोब मालकाच्या वहीत, आणि सीझन संपला की वही म्हणते अजून फिटलं नाही, पुढच्या वर्षी या. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी असं मी म्हणत नाहीये, पण सोडून जायची मुभा नसेल तर १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने ते कर्जच रद्द होतं, फेडायचं काही उरतच नाही. आणि दिल्लीच्या एशियाड खेळांसाठी बांधकाम करणाऱ्या मजुरांच्या केसमध्ये १९८२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की भुकेपोटी किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबावं लागणं हेही सक्तीचंच काम.

असं काही दिसलं तर ११२ ला फोन करा, लहान मूल असेल तर १०९८ ला. भट्टीवरच्या लोकांसाठी प्रांत ऑफिसला अर्ज द्या, वेठबिगारीतून सुटल्याचं मुक्तता प्रमाणपत्र मागा, आणि चौकशीला माणसं आली की आधी मालकाची ती हिशोबाची वही ताब्यात घ्यायला सांगा.