“मोबाईलमुळे ऑटिझम होतो” हा मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

गेल्या काही दिवसांपासून एक मेसेज नागपुरातल्या जवळपास सगळ्याच ग्रुपवर फिरून राहिला आहे, आमच्या फॅमिली ग्रुपवर आला, मग सोसायटीच्या, मग शाळेतल्या मैत्रिणींच्या. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऑटिझम वगैरे काही नसतं, आई नोकरीला जाते, घरात आजी-आजोबा नाहीत, पोराच्या हातात मोबाईल असतो म्हणून ते बोलत नाही. डॉक्टर लेबल लावतात आणि लेबल लागलं की पोरगं खचतं, घर खचतं. मोबाईल बंद करा, 90 दिवसांत पोरगं नॉर्मल. आणि खाली “प्रत्येक आईपर्यंत पोचवा”.

माझा लहान भाऊ ऑटिस्टिक आहे, म्हणजे त्याच्या मेंदूची जडणघडणच वेगळी आहे, माणसांशी बोलणं-जुळणं त्याला वेगळ्या पद्धतीने जमतं. 1998 चा जन्म, महालातल्या वाड्यात, घरात आजी, दोन काकू, चुलत भावंडं, दिवसभर माणसांचा राबता. आई घरीच असायची. मोबाईल तर गल्लीत कोणाकडे नव्हता. तरी तो तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही, नावाने हाक मारली तर वळायचा नाही, आणि टेबल फॅनच्या पात्यांकडे तासन् तास बघायचा. म्हणजे मेसेजमधली तिन्ही कारणं आमच्या घरात नव्हती आणि ऑटिझम होता.

आता एका घरावरून काही सिद्ध होत नाही हे मान्य, म्हणून मोठा अभ्यास सांगते. 2019 मध्ये डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया इथल्या 20 लाखांवर मुलांची माहिती तपासली गेली, आणि कोणाला ऑटिझम असतो न् कोणाला नाही या फरकामागे सुमारे 80 टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला. मेंदूची ही जडणघडण पोटात असतानाच सुरू झालेली असते. पोराच्या हातात फोन यायच्या कितीतरी आधी.

मोबाईल चांगला असं मी अजिबात म्हणत नाही. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाच्या वर नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनेच 2019 मध्ये सांगितलं आहे, आणि सतत स्क्रीनपुढे बसलेलं पोरगं उशिरा बोलू शकतं हेही खरं. पण उशिरा बोलणं आणि ऑटिझम एक नाही. काही मुलं मोबाईल बंद केल्यावर भराभर बोलायला लागतात, आणि लोक म्हणतात ऑटिझम बरा झाला. आणि दुसरी बाजू कोणी बघतच नाही, ज्या पोराला माणसांचे चेहरे, आवाज, गर्दी झेपत नाही ते स्वतःहूनच स्क्रीनकडे ओढलं जातं, कारण तिथे तेच गाणं तसंच्या तसं परत लागतं.

मेसेजमधलं सगळ्यात वाईट काय असेल तर आईला धरणं. आणि हे नवीनही नाही. 1943 मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर या मानसोपचारतज्ज्ञाने 11 ऑटिस्टिक मुलांवर पेपर लिहिला तेव्हापासून अशा मुलांचे आईबाप थंड स्वभावाचे असतात ही कुजबुज सुरू झाली, पुढे ब्रुनो बेटेलहाइम यांनी 1967 मध्ये पुस्तक लिहून ती घरोघरी पोचवली. त्याच्या तीन वर्षं आधीच बर्नार्ड रिमलंड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचा बाप होता, हे सगळं खोडून काढलं होतं. 1977 मध्ये ब्रिटनमध्ये जुळ्यांचा अभ्यास झाला, त्यात एकसारख्या जुळ्यांच्या 11 जोड्यांपैकी 4 मध्ये दोघांनाही ऑटिझम होता, वेगवेगळ्या जुळ्यांच्या 10 जोड्यांपैकी एकाही जोडीत दोघांना नव्हता. दोन्ही प्रकारांत आई एकच, फरक इतकाच की एकसारख्या जुळ्यांची जनुकं सारखी असतात. म्हणजे आईवरचा आरोप पन्नास वर्षांपूर्वीच मोडीत निघाला, आणि आपण तोच आता मोबाईल हातात देऊन परत उभा करून राहिलो.

या आरोपाने घरात काय होतं ते मी बघितलं आहे. माझी आई लग्नाला जायची बंद झाली. हळदीकुंकवाला जायची नाही, कारण कोणी ना कोणी विचारायचंच, “काहून गं, तू बोलत नाहीस का त्याच्याशी?” तान्ह्या पोळ्याला सगळी पोट्टी लाकडी बैल घेऊन निघायची, ढोलताशाने भाऊ कान दाबून ओरडायचा, आणि लोक भावाकडे नाही, आईकडे बघायचे. तिला झोप लागायची नाही. बाबा म्हणायचे कोणाला सांगू नको. भाऊ होता तसाच होता, पंख्यात रमलेला, त्याचा त्रास आम्हाला फार नव्हताच, आई तुटून राहिली होती ती लोकांच्या बोलण्याने आणि लपवण्याने. जगभरच्या अभ्यासांमध्येही हेच परत परत येतं, की जे आईबाप स्वतःला दोष देतात आणि लोकांपासून लपवतात त्यांच्यात नैराश्य आणि ताण जास्त, आणि ज्यांना नातलगांची, मैत्रिणींची साथ असते ते जास्त सावरलेले. आता सांगा, “प्रत्येक आईपर्यंत पोचवा” म्हणून आपण काय पोचवून राहिलो?

लेबलचं बोलू. लेबल लागलं की पोरगं खचतं म्हणे. 2023 मध्ये विद्यापीठात शिकणाऱ्या 78 ऑटिस्टिक तरुणांचा अभ्यास आला, ज्यांना आपण ऑटिस्टिक आहोत हे लहानपणीच कळलं होतं त्यांनी आपलं आयुष्य जास्त समाधानाचं सांगितलं. 2018 च्या ब्रिटनमधल्या अभ्यासात ज्या ऑटिस्टिक मोठ्या माणसांना वाटत होतं की लोक आपल्याला आहे तसं स्वीकारत नाहीत, त्यांच्यात नैराश्य जास्त होतं. आणि सतत नॉर्मल दिसायची ॲक्टिंग करणं, डोळ्यात डोळे घालून बघणं, हात हलवायचे दाबून ठेवणं, याचा संबंध तर आत्महत्येच्या विचारांशी सापडला आहे. भावाला आम्ही सांगितलं तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. त्याने विचारलं, “मग मी मुद्दाम नाही करत ना?” त्याआधी एका शाळेत त्याला वर्षभर हट्टी, आगाऊ म्हणून शेवटच्या बाकावर बसवलं होतं. लेबल तेही होतंच ना.

90 दिवसांचं थोडक्यात. ऑटिझम बरा करणारं औषध नाही, पथ्य नाही, कोर्स नाही, आणि तीन महिन्यांची गॅरंटी देणारा माणूस तुमचे पैसे आणि पोराचा महत्त्वाचा काळ दोन्ही घेऊन जातो. पण मदत होते, नक्की होते. गोवा आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत एक प्रयोग झाला, 2016 मध्ये छापून आला, त्यात साध्या आरोग्य कार्यकर्त्या घरी जाऊन आईबापांना शिकवायच्या की पोरगं काय बघतंय ते बघा, त्याच्या खेळात शिरा, थांबा, मग बोला. त्या आईबापांचं पोरांशी जुळणं वाढलं, पोरंही स्वतःहून जास्त संवाद सुरू करायला लागली. आईबाप कारण नाहीत, पण मदत त्यांच्या हातून होऊ शकते, या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

तर ज्यांच्या घरी दीड-दोन वर्षांचं लेकरू नावाला वळत नाही, बोट दाखवत नाही, आलेले शब्द गेले, त्यांनी मोबाईल बंद कराच पण 90 दिवस वाट बघत बसू नका. नागपुरात मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) किंवा मिहानमधल्या एम्सच्या बालरोग ओपीडीत दाखवा, अंगणवाडीत आरबीएसकेची, म्हणजे मुलांच्या आरोग्य तपासणीच्या सरकारी कार्यक्रमाची टीम येते तिला विचारा. 2016 च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) मिळतं, आणि नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा विमा आहे ज्यात थेरपीचा खर्चही बसतो. फॉर्म ऑनलाइन आहे. कोणाला अडलं तर मला विचारा, भावाचा मीच भरला आहे.