बाई विमान चालवते, तिचं वय काय घ्यायचं?

तर तुम्ही वैमानिक बाईवर सिनेमा काढायचं मनावर घेतलं आहे. छान. विमान भाड्याने मिळेल, ढग फुकट आहेत. अडचण येते ती वयांची. कुणाला किती वर्षांचं घ्यायचं, कुणाला कुणाचा बाप करायचं, यात नवखा निर्माता गांगरतो आणि कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडत बसतो. तुम्ही बसू नका. हॉलिवूडने हा प्रश्न १९३३ सालीच निकालात काढला आहे.

आरकेओ कंपनीचा ‘ख्रिस्तोफर स्ट्राँग’ समोर ठेवा. गोष्ट लंडनची. लेडी सिंथिया डॅरिंग्टन ही धाडसी वैमानिक, सर ख्रिस्तोफर हा पार्लमेंटातला सभ्य, एकपत्नी गृहस्थ, आणि दोघं प्रेमात पडतात. विमान ती उडवते, सिनेमाला नाव त्याचं. ही पहिली सूचना समजा.

सुरुवात कशी करावी तेही बघून ठेवा. रिकामटेकड्या श्रीमंतांच्या मेजवानीत शोधाशोधीचा खेळ चाललाय. आणायचं काय? लग्नाला पाच वर्षं उलटूनही बायकोशी एकनिष्ठ राहिलेला नवरा, आणि विशी ओलांडूनही कधी प्रेमात न पडलेली बाई. पुरुषाची वर्षं लग्नापासून मोजायची, बाईची जन्मापासून. एवढं ध्यानात राहिलं तरी अर्धं काम झालं.

आता नायक. घरात लग्नाच्या वयाची मुलगी, समाजात लौकिक, म्हणजे गडी पन्नाशीकडे झुकलेला हवा, असं तुम्ही म्हणाल. काही गरज नाही. कॉलिन क्लाइव्ह तेव्हा ३३ वर्षांचा होता. कपाळाला आठ्या पाडता आल्या की भागतं. मुलीच्या कामाला हेलन चँडलर, वय २७. क्लाइव्हचा जन्म २० जानेवारी १९०० चा, हेलनचा १ फेब्रुवारी १९०६ चा. म्हणजे कन्यारत्न घरी आलं तेव्हा पिताश्रींना सहावं सरून बारा दिवस झाले होते. आपल्याकडे त्या वयात पोराला चड्डीची नाडी धड बांधता येत नाही. तरी कुणी शंका काढलीच, तर सांगा की याच क्लाइव्हने दोन वर्षांपूर्वी ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये मुडद्यांचे तुकडे जोडून माणूस उभा केला होता, त्याला एक मुलगी काय जड? आणि मुलगीही काही साधी नव्हे, त्याच साली ती ड्रॅक्युलाच्या तावडीतून सुटून आली होती.

बायको निवडताना मात्र हयगय करू नका. तिथे वय खरं लागतं, पुरेपूर लागतं. बिली बर्क ४८ वर्षांची होती, पडद्यावरच्या नवऱ्याहून साडेपंधरा वर्षांनी मोठी. अख्ख्या घरात गणित सुटतं ते फक्त मायलेकींचं. प्रत्यक्षात तिचा नवरा, ब्रॉडवेचा बडा निर्माता झिगफेल्ड, तिच्याहून १७ वर्षांनी मोठा. १९२९ च्या शेअर बाजारात त्याचा पैसा बुडाला, तेव्हा बाई पुन्हा कामाला लागल्या. १९३२ च्या जुलैत तो वारला. वर्ष उलटायच्या आत पडद्यावर तेहतिशीचा नवरा मिळाला, आणि तोही दुसरीच्या नादी लागलेला.

ही दुसरी कोण, ते बघा, इथे काटकसरीचा धडा आहे. कॅथरीन हेपबर्न. तिच्या पहिल्याच सिनेमात, १९३२ साली, तिची आई झाली होती हीच बिली बर्क. गेल्या वर्षीची लेक यंदाची सवत. पाटीवरची नावं तीच, नातं तेवढं पुसून नवं लिहायचं.

हेपबर्न २५ वर्षांची होती, म्हणजे नायकाच्या मुलीपेक्षाही सव्वा वर्षाने धाकटी. तिला विजार द्या, विमानाच्या पात्यापाशी उभी करा, आणि एका प्रसंगात चंदेरी पतंगाचा वेष चढवा, डोक्यावर झुरळासारख्या दोन मिशांसकट. दिव्यावर झेपावणारा पतंग हो, संक्रांतीचा नव्हे. पुढे काय होणार ते प्रेक्षकाला कपड्यांवरूनच कळलं पाहिजे. दिग्दर्शक डोरोथी आर्झनर, म्हणजे बाईच. त्या काळच्या मोठ्या स्टुडिओंत दिग्दर्शन करणारी जवळपास एकटी. तेव्हा हे सगळं पुरुषांनीच केलं असंही म्हणायची सोय नाही.

जन्मतारखा तपासायच्या फंदात पडू नका. हेपबर्न कित्येक वर्षं आपला वाढदिवस ८ नोव्हेंबरला सांगत असे. नट्या वय चोरतात म्हणून हसायला जाल, तर थांबा. ८ नोव्हेंबर हा तिच्या थोरल्या भावाचा, टॉमचा वाढदिवस. तो १९२१ साली, कोवळ्या वयात गेला. मेलेला तो पहिल्यांदा दिसला तिलाच. १२ मे १९०७ ही आपली खरी तारीख तिने आत्मचरित्रात उघड केली, १९९१ साली, स्वतःच्या ८४ व्या वर्षी. यावर काही विनोद सुचत नाही. पुढे जाऊ.

शेवट. वैमानिक बाईला म्हातारी होऊ देऊ नये. सिंथियाला दिवस गेल्याचं कळतं. ती उंचीचा विक्रम करायला विमान वर नेते, विक्रम मोडते, आणि तोंडावरचा प्राणवायूचा मुखवटा ओढून काढते. विक्रमही झाला, सर ख्रिस्तोफरांचा संसारही वाचला, आणि पंचविशी कायमची राखली गेली.

एक पथ्य पाळा: खऱ्या वैमानिक बायकांची माहिती काढू नका. एमी जॉन्सन १९३० साली इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटी विमान घेऊन गेली तेव्हा २६ वर्षांची होती, ती चालेल. अमेलिया एअरहार्टने १९३२ साली एकटीने अटलांटिक ओलांडला, वय ३४. जरा जास्तच, पण दिवे नीट लावले तर खपून जाईल. हिल्डा ह्यूलेटचं नाव मात्र कुणाच्या कानावर जाऊ देऊ नका. ब्रिटनमध्ये वैमानिकाचा परवाना मिळवणारी ही पहिली बाई, साल १९११, वय ४७. ज्या वयात सिनेमातली बायको दिवाणखान्यात बसून नवऱ्याचे उशिरा येण्याचे बहाणे ऐकते, त्या वयात ही ब्रूकलँड्सला विमानविद्येची शाळा चालवत होती. त्यात भर म्हणजे तिने पोटच्या पोराला, फ्रान्सिसला, स्वतः विमान चालवायला शिकवलं, आणि तो पुढे आरमारात वैमानिक झाला. नवरा तिच्याहून तीनच वर्षांनी मोठा. सगळ्यांची वयं जागच्या जागी. अशा घरात तुम्ही कुणाला घेणार?

तरी हट्टच असेल, तर आईच्या कामाला एखादी पंचविशीतली बघा, केसांना थोडी पावडर फासली की झालं. मुलगा तेहतिशीचा चालेल.