निविदा निघाली, पुढे काय?

मुंबईतल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा तोच वाद पेटलाय. पालिकेच्या रुग्णालयांत औषधं मिळत नाहीत, मग मध्यवर्ती खरेदी खातं हवं कशाला? ज्याची त्यानं खरेदी करावी, असं माझ्या मामेभावाचं म्हणणं. काका म्हणतात, तसं केलं तर जागोजागी वेगळे भाव आणि जागोजागी ओले हात.

माझी आत्या पालिकेच्या एका रुग्णालयात भांडारपाल होती. तिची साठा नोंदवही मी पाहिलीय. तिचं तिरकं अक्षर, आणि 'शिल्लक'च्या रकान्यात एकाखाली एक शून्यं. मागणीपत्र तीन महिन्यांपूर्वी गेलेलं, दरकरार, म्हणजे ठरल्या भावानं पुरवठा करायचा करार, संपलेला, नवी निविदा फाइलीतच. खिडकीशी आलेल्या बाईला बाहेरून औषध आणायची चिठ्ठी देताना आत्या मान वर करत नसे. यात चोरी कुणीच केली नव्हती. करार कधी संपणार हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं, पण ती तारीख सांभाळणं कुणाचंच काम नव्हतं.

मी आता न्यूयॉर्कला राहते. इथेही शहराला लागणाऱ्या सामायिक मालाची खरेदी, कितीतरी सरकारी इमारती आणि हजारो गाड्यांचा ताफा एकाच खात्याकडे आहे. १९९६ साली दोन खाती एकत्र करून ते झालं. म्हणून मला काकांचं पटतं: एकत्र खरेदीत खोट नाही. फरक पडतो तो नजरेचा. कंत्राट झालं की ते महापौरांपासून स्वतंत्र निवडून आलेल्या कंट्रोलरकडे, म्हणजे शहराचे हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंदणीला जातं, आणि २०१० पासून कोणाला किती पैसे दिले ते घरबसल्या संकेतस्थळावर दिसतं. आपल्याकडे मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते. स्थायी समितीचे अधिकारही प्रशासकाकडेच. प्रश्न विचारायचे कुणी?

हे शहर काही जन्मतः शहाणं नव्हतं. १८७१ साली वृत्तपत्रांनी शहराचा कारभार मुठीत ठेवणाऱ्या ट्वीड नावाच्या पुढाऱ्याच्या टोळीची लूट उघड केली. न्यायालयाच्या एका इमारतीत गवंडी-सुतारांच्या बिलांवर लाखो डॉलर उकळले गेले होते. मग १८७३ पासून 'सिटी रेकॉर्ड' हे शहराचं राजपत्र निघू लागलं. खरेदीच्या जाहिराती त्यात आजही येतात. आणि आजही इथली नोंदणी रखडते, शहरासाठी काम करणाऱ्या सेवाभावी संस्थांचे पैसे महिनोन्महिने अडकतात. त्याची मला चीडच येते.

गाड्यांचंही तसंच. आपल्याकडे बातमी होते ती कुठल्या पदाधिकाऱ्याला कुठली गाडी मिळाली याची. इथल्या कचऱ्याच्या ट्रकला पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध लोखंडी कठडा असतो, सायकलवाला पडला तरी चाकाखाली जाऊ नये म्हणून. २०१५ च्या कायद्यानं तो शहराच्या अवजड ट्रकना सक्तीचा केला. पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्या मोडीत काढायचा नियम आपल्याकडे एप्रिल २०२३ पासून आहे, चांगलाच आहे. पण त्या जागी येणारी गाडी रस्त्यावरच्या माणसासाठी किती सुरक्षित असावी, हे निविदेच्या अटींतच लिहायला हवं.

ग्रुपवर मी लिहिलं, आपल्या नगरसेवकाकडे औषधांच्या चालू दरकरारांची यादी मागा, प्रत्येकाची संपायची तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पद यांसकट. खाली आत्यानं भर घातली: "आजची शिल्लकही मागा."