निवृत्त खेळाडूने पदाधिकारी कसे व्हावे

आपण भारताकडून खेळला असाल, गुडघे आता कुरकुरू लागले असतील आणि समालोचनाच्या खोलीत आपल्यापेक्षा गोड बोलणाऱ्यांची गर्दी झाली असेल, तर निराश होण्याचे कारण नाही. क्रिकेट संघटनेची खुर्ची आपली वाट पाहत आहे आणि तिच्यावर बसल्यानंतर पायचीत होण्याचे भय उरत नाही. आम्ही बडोदेकर हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो असल्यामुळे चार सूचना करण्याचे धाडस करतो.

प्रथम मतांचा हिशेब शिकावा, कारण तेथे धावांना कोणी विचारत नाही. दिलीप वेंगसरकरांच्या नावावर 116 कसोटी सामने आणि लॉर्ड्सवरची तीन शतके होती; तरीही 2011 साली मुंबई क्रिकेट संघटनेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत विलासराव देशमुखांनी त्यांना हरवले. तेव्हा ज्या क्लबाच्या मैदानावर गवत उगवत नाही, पण मत मात्र दर निवडणुकीला न चुकता उगवते, त्या क्लबाच्या चिटणिसाच्या मुलीच्या लग्नाला आपण सहकुटुंब जावे आणि पंगत उठेपर्यंत हलू नये.

नियमांना घाबरू नये. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2016 मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाच्या कारभारात सुधारणा सुचवणाऱ्या लोढा समितीच्या शिफारशी स्वीकारल्या, तेव्हा पदाधिकाऱ्यांना प्रत्येक कार्यकाळानंतर तीन वर्षे सक्तीने घरी बसावे लागणार या कल्पनेने अनेकांची झोप उडाली होती. 2018 मध्ये ती सक्ती सलग दोन कार्यकाळांनंतर लागू होईल असे ठरले आणि 2022 मध्ये तर मंडळाच्या अर्जावरून राज्य संघटनेत सहा व मंडळात सहा अशी सलग बारा वर्षे बसण्याची सोय झाली. भारतीय संघात आपली जागा इतकी वर्षे टिकली होती का, ते आठवून पाहावे. मंडळात प्रत्येक राज्याला एकच मत देणारे ‘एक राज्य, एक मत’ हे तत्त्वही 2018 मध्येच बारगळले आणि गुजरातमधील, आमच्या बडोद्याची धरून, तिन्ही संघटनांची मते शाबूत राहिली; अर्थात त्याबद्दल तक्रार करायला आम्हां बडोदेकरांना तोंड नाही.

हितसंबंधांचा प्रश्न कोणी काढलाच, तर अकादमी पत्नीच्या नावावर आहे असे सांगावे.

फुकट पास मात्र जिवापाड जपावेत. पासांच्या वाटणीवरून भारत-वेस्ट इंडीज एकदिवसीय सामना ऑक्टोबर 2018 मध्ये इंदूरहून विशाखापट्टणमला गेला, तेथे कोहलीने दहा हजार धावा पूर्ण केल्या आणि सामना बरोबरीत सुटला. इंदूरकरांनी तो टीव्हीवर पाहिला.

आता सर्वांत महत्त्वाचा विषय, तो म्हणजे बक्षीस समारंभ. समारंभाला कधीही वेळेवर जाऊ नये. गेल्या महिन्यात आमच्या गावातील एका मैदानावर चौदा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धेचा अंतिम सामना अकराच्या सुमारास संपला आणि प्रमुख पाहुणे, म्हणजे बाहेरगावाहून येणारे एक माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू व विद्यमान पदाधिकारी, दीड वाजून गेल्यावर अवतरले. तोपर्यंत दोन्ही संघ उन्हात रांगेने उभे होते, आणि ‘पॅड काढू नका, फोटोत बरे दिसतात’ असा संयोजकांचा हुकूम असल्यामुळे सलामीचे दोन फलंदाज पॅडांसह उभे होते. मंचावर साटीनच्या झालरीच्या टेबलावर पाण्याच्या सीलबंद बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि मुलांसाठीच्या कूलरची तोटी हिसडली तरी थेंब पडत नव्हता. पाहुण्यांनी शाल, श्रीफळ व मोमेंटो स्वीकारून ‘आमच्या वेळी सोयी नव्हत्या, तरी आम्ही घडलो’ या विषयावर पाऊण तास भाषण केले, मध्ये दोनदा फोन घेतला, ढाल प्रायोजकाच्या हाती देऊन छायाचित्र काढवून घेतले आणि विमान गाठायचे असल्याचे सांगून ते निघून गेले. ज्या मुलाने पाच बळी घेतले होते, त्याला त्याची बॅट कोशाध्यक्षांनी खुर्च्या आवरता आवरता दिली. त्याचे नावसुद्धा कोणी पुकारले नाही.

याच गावात दत्ताजीराव गायकवाड होऊन गेले. 1959 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी भारताचे नेतृत्व केले होते. उतारवयात ते वडाच्या सावलीत आपल्या निळ्या मारुतीत बसून पोरांचा खेळ पाहत आणि त्यातून बडोद्यासाठी गुणी मुले हेरत. त्यासाठी त्यांना मंच लागला नाही, झालर लागली नाही आणि मुलांना रांगेत उभे करावे लागले नाही.

साहेब, खेळाडूंना कारभारात घ्या असा आग्रह आम्हीच धरला होता. 2019 मध्ये खेळाडूंच्या संघटनेचे प्रतिनिधी म्हणून आमचे माजी कसोटीपटू अंशुमन गायकवाड मंडळाच्या सर्वोच्च परिषदेवर निवडून गेले, तेव्हा आता मैदानावरचे दुखणे जाणणारा माणूस आत गेला, असे आम्हांला वाटले होते. राजकारण्याला पॅड बांधून उन्हात उभे राहणे म्हणजे काय ते ठाऊक नसते, त्यामुळे त्याला एक वेळ माफ करता येते. तुम्हांला ते ठाऊक आहे. तहानेने जीभ टाळ्याला चिकटते तेव्हा काय होते, पदार्पणाच्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये कोणी दोन शब्द बोलले नाही तर कसे वाटते, हे सारे तुम्ही भोगलेले आहे. आणि तरीही खुर्चीवर बसताच तुम्ही त्या मुलांकडे पाठ फिरवता, याची तुम्हांला लाज वाटली पाहिजे. वेळेवर येता येत नसेल तर येऊ नका, बक्षिसे वाटायला आमच्याकडे निवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत. याल तर शाल घरीच राहू द्या आणि आधी कूलरची तोटी फिरवून पाहा. त्याच मैदानावर आता मुलींचे सामने सुरू होणार आहेत आणि तेथील स्वच्छतागृहाला कुलूप आहे. त्याची किल्ली कोणत्या पदाधिकाऱ्याकडे आहे, तेवढे लेखी कळवा.