रुपया घसरला की कोण हसतं?

रुपया घसरल्याची बातमी आली की आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन तट पडतात. निफाडचा दादा खूश, कारण त्याच्या द्राक्षांचा सौदा परदेशी पैशात होतो. मावशीचा जीव खालीवर, कारण लेक अमेरिकेत शिकतोय. फी तीच, पण रुपये जास्त मोजायचे. मग बँकेतून निवृत्त झालेले काका मैदानात उतरतात. त्यांचं वाक्य ठरलेलं आहे: ‘अर्थशास्त्राच्या दृष्टीनं कमजोर रुपया देशाला फायद्याचाच.’

काका, कुणाच्या अर्थशास्त्राच्या?

हे भांडण जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात रुपया चांदीचा होता. १८७० च्या दशकात जर्मनीसारखे देश सोन्याकडे वळले, चांदी गडगडली, आणि जवळपास दोन शिलिंगांचा (शिलिंग म्हणजे तेव्हाचं इंग्रजी नाणं) रुपया वीसेक वर्षांत सव्वा शिलिंगावर आला. सरकार रडकुंडीला आलं, कारण विलायतेची देणी सोन्यात चुकवायची होती. मुंबईच्या गिरणीवाल्यांना मात्र चीनच्या बाजारात इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या सुतावर मात करणं सोपं गेलं. शेवटी १८९३ मध्ये सरकारनं लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणं बंद केलं. पुढे जी व्यवस्था बसली तिच्यात देशात रुपया चांदीचाच राहिला, पण बाहेरच्या व्यवहारात त्याचा सोन्याशी दर बांधून ठेवलेला.

१९१३ मध्ये ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्सनं या व्यवस्थेची भलामण करणारं पुस्तक लिहिलं. हा गृहस्थ लंडनच्या इंडिया ऑफिसात, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्यात, नोकरी केलेला, भारतात कधी पाऊल न टाकलेला. दहा वर्षांनी, १९२३ मध्ये, डॉ. आंबेडकरांचं ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ आलं आणि त्यांनी केन्सला थेट अंगावर घेतलं. त्यांचं म्हणणं असं: रुपयाचा बाहेरचा दर सांभाळला म्हणजे रुपया सांभाळला असं होत नाही. त्या रुपयात बाजारात काय येतं ते बघा. आणि नाणं हवं तेवढं पाडायची मुभा सरकारच्या हातात ठेवूच नका, मर्यादा घाला.

मला सगळ्यात आवडतो तो त्यांचा आणखी एक मुद्दा. घसरत्या रुपयातून होणारा फायदा बाहेरून देशात येत नाही, तो देशातल्याच एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो. भाव चढतात, मजुरी मागे रेंगाळते, मधला फरक मालकाचा. काकांच्या वाक्यातला ‘देश’ हा शब्द इथेच फाटतो.

गंमत पुढे आहे. त्याच १९२३ मध्ये केन्सनं स्वतःच नवं पुस्तक काढून सांगितलं, की बाहेरचा दर आणि आतले भाव यांतलं एकच सांभाळता येत असेल तर आतले भाव सांभाळा. म्हणजे दुखणं कुठे आहे यावर दोघांचं जमलं, फाटलं ते औषधावर. केन्सचा भरवसा शहाण्या कारभाऱ्यांवर. आंबेडकरांनी परक्या, कुणालाच उत्तर न देणाऱ्या सरकारचा कारभार पाहिलेला. त्यांचा भरवसा कसा बसणार? चलन सोन्याचंच हवं हा त्यांचा जोर मला पटत नाही, हेही सांगून टाकतो. पण तो जोर कुठून आला ते कळतं.

आणि म्हणूनच, सरकारवरचा हा अविश्वास तेवढा उचलून आंबेडकरांना ‘मुक्त बाजारवाले’ म्हणून मिरवणाऱ्यांची मला गंमत वाटते. याच माणसानं १९४७ मध्ये शेती आणि मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे करा अशी मागणी केली होती. कुठल्या कप्प्यात ठेवणार? (दर एप्रिलला ‘रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी काढली’ हा फॉरवर्डही येतो. चलनाच्या शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली हे खरं, पण बाकीचं आपण वाढवलं. पुस्तक वाचण्यापेक्षा ते सोपं.)

आंबेडकरांचे लंडनमधले गुरू, अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ला प्रस्तावना आहे. त्यात गुरुजी सरळ लिहितात, की लेखकाचे बहुतेक युक्तिवाद मला मान्य नाहीत, पण काही घाव मात्र अगदी नेमके बसलेत. आज असा प्रस्तावनाकार मिळेल का? आणि मिळालाच तर लेखक ती छापेल का?

परवा दादाच्या बागेत गेलो होतो. बायका घडांची विरळणी करत होत्या, हात वर, मान वर, सकाळपासून. एक मावशी पाण्याला थांबल्या तेव्हा बोलणं निघालं. हजेरी गेल्या हंगामातलीच होती. खाद्यतेलाची पिशवी मात्र महागली होती, आणि आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरूनच येतं. म्हणजे दादाला डॉलरमागे जे चार पैसे जास्त मिळाले, त्यातले काही या बाईच्या कढईतून गेले.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. काकांनी हात जोडलेली इमोजी टाकली. दादानं लिहिलं, ‘हजेरीचं पुढच्या हंगामात बघू.’