मोटूचे क्रियापद आणि आपले शुद्धतेचे वेड

एका परिचितांनी आज सकाळी भाषाशुद्धीवर लिहिलेला मजकूर वाचला आणि डोके तापले. परके शब्द आले तरी चालतील, पण वाक्याची घडण बदलली की भाषा संपलीच समजा, असे त्यांचे म्हणणे. आणि दाखला कोणता, तर पापुआ न्यू गिनीच्या किनाऱ्यावरच्या ‘भेसळ’ भाषांचा! नेमक्या याच भाषांवरून विद्यार्थिदशेत एका चर्चासत्रात माझे हसे झाले होते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

त्या दिवशी मी फळ्यावर मोटू भाषेतले एक वाक्य लिहिले होते: ‘मेरो एसे बोरोमा ए-आला-इआ’, म्हणजे मुलाने डुक्कर मारले. मोटू ही पोर्ट मोर्स्बीच्या परिसरातली, ओशियानिक कुळातली भाषा. फिजी, सामोआ, हवाई इथल्या भाषा तिच्या नात्यातल्या. या कुळाची मूळ भाषा ३,००० वर्षांहून अधिक काळापूर्वी न्यू गिनीजवळच्या बिस्मार्क द्वीपसमूहात बोलली जात असावी, असे मानतात. तिच्यात क्रियापद वाक्याच्या आरंभी होते की मध्ये, यावर अभ्यासक अजून भांडतात, पण कर्म क्रियापदामागून येई याबद्दल फारसा वाद नाही. मोटूत मात्र ते मराठीप्रमाणे क्रियापदाच्या आधी येते, कारण तिला शेजार लाभला तो क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या पापुअन, म्हणजे न्यू गिनीच्या परिसरातल्या पण ओशियानिक कुळाबाहेरच्या भाषांचा. अध्यक्षस्थानच्या विद्वानांनी फळ्याकडे पाहिले, ‘ही तर बिघडलेली भाषा’ असा शेरा मारला आणि सगळे हसले.

त्यांनी तो शेवटचा शब्द तरी नीट पाहायचा होता. त्यातला ‘ए’ कर्त्याचा, ‘आला’ मारण्याचा आणि ‘इआ’ कर्माचा. वाक्यातले कर्म क्रियापदाच्या आधी सरकले, तरी क्रियापदाच्या पोटात कर्ता, क्रिया, कर्म हा जुना क्रम शाबूत आहे. जिला बिघडलेली म्हणून हसलात, तिने आपला इतिहास आपल्यापेक्षा नीट जपला आहे, महाराज!

पापुआ न्यू गिनीच्याच कारकार बेटावर तर याहून मोठी गंमत आहे. बेटाच्या दक्षिणेकडची टाकिया ओशियानिक, उत्तरेकडची वास्किया पापुअन. दोन्ही भाषा येणाऱ्या लोकांच्या तोंडी टाकियाची वाक्ये हळूहळू वास्कियाच्या साच्यात बसत गेली आणि शब्द मात्र टाकियाचेच राहिले. भाषाशास्त्रज्ञ माल्कम रॉस यांनी अशा बदलाला ‘मेटाटायपी’ हे नाव दिले. हे वाचून नाक मुरडणाऱ्यांनी आपल्या सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडची आठवण ठेवावी. तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूची वाक्यरचना एकमेकींच्या किती जवळ आली आहे, हे गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ मध्येच दाखवले होते. म्हणून कुपवाडच्या माणसाला तुझी मराठी मेली, असे सांगायला कोणी जाणार आहे काय?

पापुआ न्यू गिनीत पुष्कळ घरांतली मुले आता टोक पिसिन ही इंग्रजीवरून घडलेली संपर्कभाषाच बोलतात आणि आजीची भाषा मागे पडते, हे मला मान्य आहे आणि त्याचे वाईटही वाटते. पण तिथे लोक भाषा सोडतात. टाकियाच्या लोकांनी वाक्याचा साचा बदलला, तरी ते टाकियाच बोलत राहिले. इतका साधा भेद ध्यानात न घेता पंडिती मिरवावी, याचा संताप येतो.

संताप थोडा ओसरल्यावर जाणवते की त्या सभागृहात सांगायची खरी गोष्ट माझ्या वाक्याच्या मराठी अर्थातच होती. ‘मुलाने डुक्कर मारले’ यात क्रियापद मुलाकडे पाहत नाही, डुकराच्या लिंगाने चालते. ‘मुलाने वाघ मारला’ म्हटले की तेही बदलते. ही घडण संस्कृतातल्या ‘रामेण रावणः हतः’ यासारख्या कर्मणी रचनेतून आली. पॉलिनेशियातही असेच काही घडले असावे, असे एक जुने मत आहे. न्यूझीलंडच्या माओरीत कर्मणी प्रयोग आजही सर्रास होतो आणि त्यात कर्त्याआधी ‘ए’ लागतो. तोंगा आणि सामोआच्या भाषांत सकर्मक क्रियेच्या कर्त्याला ‘ए’ लागणे हीच नेहमीची रीत आहे, म्हणजे जुनी कर्मणी रचनाच तिथे साधी रचना बनली, असे ते मत. उलट दिशेने बदल झाला असे मानणारेही आहेत, त्यांचेही असो. पण आमच्या परिचितांनी ‘मी हे लिहिले’ असे ठणकावून सांगितले, तेव्हा त्यांचे स्वतःचे क्रियापद ‘मी’ला सोडून ‘हे’च्या मागे गेले होते, त्याचे काय करायचे ते आता त्यांनीच सांगावे.